नळामागे, एकरामागे की माणसामागे?

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे छापील उपविधी सहसा कोणी वाचत नाही. घर घेताना सही करायची, फाईलला लावायचे आणि भांडण झालं की शोधून काढायचे, ही सगळीकडची रीत. त्या पुस्तिकेत आकारणीबद्दल एक कलम आहे. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं. मालमत्ता कर महापालिका ठरवील तसा. आणि पाणीपट्टी? ती प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि त्यांचा आकार पाहून. घरात माणसं किती, याला त्या हिशेबात जागाच नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपली इमारत उभी राहिली तेव्हा या कलमाने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पाणी भरपूर होतं आणि पाणीपट्टी किरकोळ. आता उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्यांचं बिल वर्षाच्या हिशेबात ठळक दिसतं. मोठ्या घरात दोघंच राहणारे आजी-आजोबा म्हणतात, आम्ही वापरतो किती आणि भरतो किती! लहान घरात सहा जणांचा संसार करणारे म्हणतात, मग काय माणसं मोजून दंड करणार का? गेल्या दोन वार्षिक सभा याच विषयावर लांबल्या. यंदाही तो विषयपत्रिकेवर आहेच. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटलं, हे भांडण काही आपल्याच जिन्यात सुरू झालेलं नाही. पाणी वाटायचं कशाच्या हिशेबाने, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या गावांनी निदान तीन-चारशे वर्षं हाताळला आहे आणि त्याची उत्तरंही वेगवेगळी काढली आहेत. त्यातली काही सांगतो.

सुरुवात खानदेशापासून करू. धुळे जिल्ह्यातली पांझरा आणि नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातल्या मोसम, आरम या काही फार मोठ्या नद्या नव्हेत. पण त्यांच्यावर दगडी बंधाऱ्यांची माळच आहे. या बंधाऱ्यांवर चालणाऱ्या सिंचनाला ‘फड पद्धत’ म्हणतात. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग. सगळं पाणी उताराने वाहतं. पंप नाही, इंजिन नाही.

बांधकाम चांगलं होतंच, पण खरी अक्कल आहे ती वाटपात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, त्यांना फड म्हणायचं. एका फडात त्या साली एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात धान्य, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. पीक कोणतं ते एकट्या शेतकऱ्याने ठरवायचं नाही, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एका फडात सगळ्यांचं पीक एकच असल्यामुळे पाण्याची पाळीही एकदमच येते. कोणाच्या उसासाठी कोणाची बाजरी बुडत नाही किंवा वाळत नाही.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसायची, तिचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असायचे. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा. त्याने नुकसान कोणाचं? सगळ्यांचं थोडं थोडं, एकट्याचं संपूर्ण असं कधीच नाही. आज विमा कंपन्या जे काम हप्ते घेऊन करतात ते इथे जमिनीच्या आखणीतच बसवलेलं होतं. पाणी सोडायला पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही, पाटकऱ्यानेच पाणी द्यायचं. पिकाची राखण करायला जागल्या. यांची मजुरी धान्याच्या रूपात. कालव्यातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे.

मात्र या पद्धतीचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. फडात पाणी होतं ते जमीनवाल्याला. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला पाण्याचा हिस्सा नाही. तो पाटकरी व्हायचा, जागल्या व्हायचा, भागीदार व्हायचा नाही. गाव एकदिलाने चालत होतं असं म्हणताना त्यात कोण कोण धरलं होतं, ते विचारलं पाहिजे.

पुढे इंग्रजी अमदानीत मोठे कालवे आले. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा आला आणि कालव्याच्या पाण्याची मालकी-मुखत्यारी सरकारकडे गेली. स्वातंत्र्यानंतर धरणं झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले. नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडलं, खाली ज्याची त्याची विहीर झाली. फड काही ठिकाणी टिकून आहेत, बऱ्याच ठिकाणी मोडले. ज्याच्याकडे पंप त्याला पाणी, असा नवा हिशेब सुरू झाला.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. आपल्यातल्या साठी ओलांडलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. लाल मिलो, सुकडी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा. ऐन कडाक्याच्या काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, सरकारी दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. रोजगार हमी योजनेचा पाया तिथेच पक्का झाला.

त्या वेळी पुण्यात विलासराव साळुंखे नावाचे एक अभियंते होते. अचूक मोजमापाची साधनं बनवणारा त्यांचा कारखाना होता. दुष्काळी कामं पाहायला ते पुरंदर तालुक्यात जाऊ लागले. पुरंदर म्हणजे पुण्याच्या दारातलाच, पण पर्जन्यछायेतला भाग. आज आपण तिथले अंजीर आणि सीताफळं आवडीने आणतो. तेव्हा तिथून माणसं कामासाठी बाहेर पडत होती. इतकी माणसं राबताहेत, पण फुटलेल्या खडीतून पुढच्या वर्षीचं पाणी काही मिळणार नाही, हे साळुंख्यांना खटकलं. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलं. नायगावच्या देवस्थानाची चाळीस एकर पडीक, उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसह तिथेच झोपडी बांधून राहिले.

त्या चाळीस एकरांवर केलं काय? उतारावर समपातळीत बांध घातले, म्हणजे पाणी धावायचं थांबून जिरू लागलं. खाली पाझर तलाव केला. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खणली आणि विहिरीतलं पाणी उचलून पुन्हा वरच्या जमिनीला दिलं. जी जमीन पिकासाठी बरी ती पिकाखाली, बाकीची झाडांना आणि गवताला. यात नवीन शोध असा काही नाही. कोणत्याही कृषी पदवीधराला हे ठाऊक असतं. पण एका पाणलोटात पडलेला पाऊस मोजून, त्यावर किती माणसं जगू शकतील याचा हिशेब मांडणं, हे काम मोजमापाची साधनं बनवणाऱ्या माणसाला सुचलं याचं मला आश्चर्य वाटत नाही.

नायगाव पाहून आसपासची गावं आली. आम्हालाही अशी योजना करून द्या, म्हणाली. तेव्हा साळुंख्यांनी ज्या अटी घातल्या त्यांनाच पुढे ‘पाणी पंचायत’ म्हणून ओळख मिळाली. योजना एकट्याची नाही, गटाची. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. कोणाची पंचवीस एकर असो, पाणी अडीच एकरांचंच. ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. निम्मी रक्कम सरकारी अनुदानाची, उरलेली प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी. खानदेशातला हा हुद्दा इथे पुन्हा भेटतो.

आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे, भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा.

यावर लोक हसले. ज्याच्याकडे जमीन नाही तो पाणी घेऊन काय करणार, डोक्यावर ओतून घेणार? उत्तर सरळ होतं. गावात पडीक जमीन असलेले पुष्कळ होते, पाणी नसल्यामुळे पडीक. भूमिहीन माणूस त्याच्याकडे जाऊन म्हणू शकतो, जमीन तुझी, पाणी माझं, पीक वाटून घेऊ. पूर्वी तो फक्त दोन हात घेऊन जायचा. आता हातात काहीतरी घेऊन जातो. फडाने जे केलं नव्हतं ते इथे झालं.

१९७९ नंतर पुरंदर आणि आसपासच्या भागात अशा अनेक उपसा योजना उभ्या राहिल्या. सगळ्या टिकल्या का? नाही. पुष्कळ बंद पडल्या. पाणी पंचायतीची गोष्ट सांगताना हा भाग गाळून टाकायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. विलासराव २००२ मध्ये गेले. पण माणसामागे पाणी ही कल्पना त्यांच्या योजनांपेक्षा जास्त लांब पोचली.

याच सुमारास सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात दुसरंच काही चाललं होतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले कामगार गावी परतले होते. गावी येऊन बघतात तर येरळा नदी कोरडी आणि नदीतली वाळू ठेकेदारांच्या ट्रकांतून चाललेली. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवणारं काही उरत नाही, आजूबाजूच्या विहिरी आटतात. मुक्ती संघर्ष चळवळीने मागणी केली की वाळूवर हक्क गावाचा. बळवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी थोडीशी वाळू स्वतः विकून त्या पैशातून बंधारा बांधायचं ठरवलं. सरकारशी बराच झगडा झाला. पण बळीराजा धरण उभं राहिलं आणि त्याच्या वाटपातही भूमिहीनांचा हिस्सा धरला गेला. पुरंदरात एका कारखानदाराने सुचवलेला नियम आणि येरळाकाठी संपकऱ्यांनी लावून धरलेला नियम इतका सारखा निघावा, याची मला गंमत वाटते.

तिसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे, कारण ते सहकारी कायद्याखालचं आहे. नाशिकजवळच्या ओझरचे शेतकरी वाघाड धरणाच्या कालव्याच्या अगदी शेपटाला. कागदावर लाभक्षेत्र, प्रत्यक्षात पाणी पोचतच नसे. कालव्याच्या तोंडाशी असलेला हवं तेवढं घेतो, शेवटच्याला उरलंसुरलं, ही सगळ्या कालव्यांची कहाणी. (वरच्या मजल्यावरच्या सभासदांना हे समजावून सांगायची गरज नाही.) समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था काढल्या. बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर अशी पहिल्या तिघींची नावं. या संस्थांची नोंदणी झाली ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली. आपल्या सोसायटीचं नोंदणीपत्रही त्याच कायद्याखालचं आहे.

इथे थोडं विषयांतर. १९०४ चा पहिला सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी झाली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आपल्या सगळ्यांच्या सोसायट्यांची ती पणजीच म्हणायची. एकट्याला जे घर परवडत नाही ते दहा जणांना मिळून परवडतं, हा तिथला हिशेब आणि ओझरच्या शेतकऱ्याचा हिशेब एकच.

तर ओझर. सरकारी पद्धतीत पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर होती. किती पाणी वापरलं याच्याशी तिचा संबंध नव्हता. म्हणजे आपल्या नळांच्या कलमासारखंच! पाणीवापर संस्थांनी करार केला तो मोजून पाणी घेण्याचा. संस्थेच्या हद्दीवर पाणी मोजायचं, तेवढ्याचे पैसे एकरकमी भरायचे आणि आत कसं वाटायचं ते संस्थेने बघायचं. मोजायला लागल्यावर वाया जाणारं पाणी दिसायला लागलं. ओढ्यांवर छोटे बंधारे घालून कालव्याचं पाणी जिरवलं, त्याने विहिरी भरल्या. उरलेलं पाणी पुढच्या पाळीसाठी राखलं. ओझर परिसरात आज द्राक्षबागा आहेत. पुढे सबंध वाघाड प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्थांच्या महासंघाच्या हाती आलं आणि २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदाच केला.

आता जमिनीवरच्या पाण्याकडून जमिनीखालच्या पाण्याकडे येऊ. आपला खरा संबंध त्याच्याशी आहे. नदी-कालव्याचं पाणी निदान दिसतं. बोअरचं पाणी कोणालाच दिसत नाही. शेजाऱ्याने अडीचशे फूट नेलं की आपण तीनशे न्यायचं, त्याने साडेतीनशे.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने ही शर्यतच बंद केली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. घरच्यांना वाटत होतं पोरगा शिकलाय, क्रिकेट बरं खेळतो, नाव काढील. गावातल्या तरुणांनी आग्रह केला आणि ते गावात थांबले. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर, काही वर्षी त्याहूनही कमी. गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री घेतली. डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली. १९९४ च्या सुमारास हे गाव आदर्श गाव योजनेत आलं. हे सगळं बऱ्याच गावांनी केलं. हिवरे बाजारचं वेगळेपण दोन नियमांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, बोअर फक्त पिण्याच्या पाण्यासाठी. आणि ऊस, केळी नाही.

दुसरं म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस झाला आणि विहिरींची पातळी काय, हे मोजून ग्रामसभेपुढे मांडतात. आधी माणसांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग जनावरांचं, उरेल त्यावर रब्बीत काय आणि किती पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर सभा सांगते, यंदा हे पीक नको. आणि लोक ऐकतात. मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत आली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

लोक ऐकतात ते का, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. सरपंचांच्या शब्दाला वजन आहे हे खरं. पण आकडे सगळ्यांसमोर असतात, हेही तितकंच खरं. विहिरीत किती पाणी आहे हे भिंतीवर लिहिलेलं असलं की वाद पाण्यावरून होतो, माणसावरून होत नाही.

हवामान बदलाबद्दल आपण रोज वाचतो. त्यातला एक अभ्यास आपल्या पुण्याचाच आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पावसाची एकूण बेरीज मात्र वाढलेली नाही. म्हणजे तेवढंच किंवा कमी पाणी, पण थोड्या दिवसांत धो धो, आणि मध्ये मोठी उघडीप. फडातला कोरडा ठेवलेला तुकडा, नायगावचे समपातळीतले बांध, हिवरे बाजारचा ऑक्टोबरातला हिशेब, हे सगळं अशाच लहरी पावसासाठी केलेलं आहे. दुष्काळी गावांना पावसाचा भरवसा पूर्वीही नव्हता. तो आता आपलाही गेला, एवढाच फरक.

मग आपण काय करायचं? माणशी पाणी हा नियम मला न्याय्य वाटतो, पण तो जसाच्या तसा जिन्यात आणता येईल असं मला वाटत नाही. सोसायटीत भाडेकरू बदलतात, पाहुणे येतात, मुलं परदेशी जातात. दरवर्षी खानेसुमारी कोण करणार? ओझरचा मार्ग, म्हणजे मीटर, जास्त सोपा वाटतो. त्यातही आपल्यासारख्या जुन्या बांधणीच्या इमारतीत एका घराला तीन-चार उभ्या पाइपांतून पाणी येतं, म्हणजे घरटी तेवढी मीटरं. खर्च आहे. उपविधी बदलायचे तर सभेत दोन तृतीयांश मतं हवीत आणि वर निबंधकांची मंजुरी. माझं स्वतःचं मत असं की माणशी ठरावीक पाणी सगळ्यांना नेहमीच्या दराने मिळावं आणि त्यावरच्या वापराला दर चढता असावा. आजी-आजोबांचं आणि सहा जणांच्या घराचं, दोघांचंही म्हणणं त्यात बसतं. सभेत हे मत पडेलही, पडू दे.

पण एक काम सभेशिवाय, ठरावाशिवाय, मतभेदाशिवाय सुरू करता येतं. आपली जागा पूर्वी शेती होती आणि त्या शेतातली विहीर अजून मागच्या बाजूला जाळीखाली आहे. लहान मुलांना तिकडे जाऊ नका म्हणतो, तीच. बोअरची पातळी मोजायला उपकरण लागतं, विहिरीची मोजायला नाही. एक लांब दोरी, तिला दर फुटावर गाठ, टोकाला वजन. महिन्यातून एकदा, एकाच दिवशी, एकाच वेळी, पंप सुरू व्हायच्या आधी. सातवी-आठवीतली मुलंही हे करतील, मोठ्या माणसाने जाळी उघडून शेजारी उभं राहिलं की झालं. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवायचा. दोन्ही आकडे लिफ्टशेजारच्या फलकावर, टँकरच्या बिलाच्या बाजूला लावायचे. दोरी मी आणून ठेवली आहे. पहिलं मोजमाप येत्या रविवारी सकाळी सातला.